धुरंधरांची लेक आणि आपली घरे

शताब्दीच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांनी घराण्याचा जुना कागद शोधला. कोणाला फिजीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पणजोबांचा परवाना मिळाला, तर कोणाला मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून नोंदवहीचा उतारा मिळाला. त्या कागदावर माणसाचे नाव असते, बापाचे नाव असते, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूण असते. मॉरिशसमध्ये १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना परवान्यावर छायाचित्रही लावावे लागले. आपल्या पूर्वजांचे जे सर्वांत जुने चेहरे आज पाहायला मिळतात, ते बहुधा याच छायाचित्रांतले. मात्र ती छायाचित्रे शिपायाला ओळख पटावी म्हणून काढलेली होती. तो माणूस गात होता का, ढोलकी वाजवत होता का, सणाला मातीचा गणपती घडवत होता का, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नाही.

सरकारने जे मोजले ते सरकारी दप्तरात राहिले. जे मोजले नाही ते घरात राहिले, आणि ते टिकवायचे काम लेकरांवर आले. फिजी, गयाना, सुरिनाम आणि त्रिनिदाद येथील गिरमिटियांच्या सरकारी नोंदींना युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. घरातल्या ठेव्याला असे कोणी शोधत येत नाही. म्हणून या लेखात आम्ही एका चित्रकाराच्या लेकीची हकीकत सांगणार आहोत, आणि तिच्या जोडीने आणखी दोन घरांची. तिन्ही घरांत कलावंत गेला आणि त्याचे काम मागे राहिले. पुढे त्या कामाचे काय झाले, त्यात आपल्या घरांसाठी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

चित्रकार धुरंधर

मॉरिशसमध्ये छायाचित्राचा तो कायदा झाला त्याच वर्षी, १८ मार्च १८६७ रोजी, कोल्हापुरात महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म झाला. १८९० च्या जानेवारीत ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले. विद्यार्थी म्हणून गेले ते पुढे तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. आपल्या या दीर्घ सेवेच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे मोठे चाहते होते. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात आजही धुरंधरांची चित्रे आहेत.

दरबारी आणि पौराणिक चित्रे त्यांनी काढलीच, पण आपल्यासाठी त्यांची दुसरी कामे जास्त मोलाची आहेत. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, बाजारहाट करणाऱ्या बायका, लग्नघरातली गडबड हे सारे त्यांनी हजारो रेखाटनांत, पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांतल्या चित्रांत उतरवले. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ मध्ये निघालेल्या मुंबईवरील पुस्तकाला त्यांची चित्रे आहेत. ओटो रॉथफेल्ड यांच्या भारतातील स्त्रियांवरील १९२० च्या पुस्तकात निरनिराळ्या जातींच्या आणि प्रांतांच्या स्त्रिया त्यांनी रंगवल्या आहेत. १९१४ मध्ये सी. ए. किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या, म्हणजे आदितवारची, सोमवारची अशा कहाण्या, इंग्रजीत आणल्या. त्या पुस्तकाचीही चित्रे धुरंधरांचीच.

हे सन लक्षात घ्यावे. फिजीला गिरमिटियांची शेवटची बोट १९१६ मध्ये पोहोचली. म्हणजे आपली माणसे परवान्यावर अंगठा उठवत होती, त्याच काळात हा चित्रकार मुंबईत बसून त्यांच्यासारख्याच माणसांचे लुगडे, पागोटे, डोईवरचा हारा आणि हातातला तांब्या काढत होता. किंकेड यांचे पुस्तक आज संगणकावर कोणालाही फुकट पाहता येते. शनिवारी घरी मराठी शिकायला येणाऱ्या मुलांना आम्ही त्यातली चित्रे दाखवतो. कहाणी त्यांनी आजीकडून ऐकलेली असते. चित्र पाहिल्यावर ती विचारतात, आजीची आजी असेच लुगडे नेसत होती का? परवान्यावरचे छायाचित्र पाहून हा प्रश्न अजून एकाही मुलाने विचारलेला नाही.

अंबिकाबाईंनी काय केले

धुरंधर १ जून १९४४ रोजी वारले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर या स्वतः चित्रकार होत्या. मुली कलाशाळेची पायरी क्वचितच चढत, अशा दिवसांत त्या वडिलांच्याच जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि वडील निवृत्त झाले त्या सुमारास त्यांनी पदविका मिळवली. १९१२ मध्ये जन्मलेल्या अंबिकाबाई २००९ मध्ये गेल्या. म्हणजे वडिलांच्या पश्चात सुमारे पासष्ट वर्षे त्या होत्या, आणि एवढी वर्षे वडिलांची चित्रे, रेखाटने आणि कागद सांभाळणे हे त्यांच्या आयुष्यातले एक मोठे काम राहिले.

पासष्ट वर्षे हा आकडा वाचायला सोपा आहे. मुंबईत वर्षातून चार महिने पावसाळा असतो. तेवढ्या काळात हवेतल्या ओलीने कागद फुगतो आणि जलरंगावर बुरशीचे ठिपके येतात. कसर लागते, वाळवी लागते. म्हणजे पासष्ट पावसाळे तो कागद कोणीतरी उघडून पाहिला, वारा दिला आणि पुन्हा बांधून ठेवला, तेव्हा तो राहिला. शिवाय चित्र पाहायला येणाऱ्याला दाखवायचे, मागायला येणाऱ्याला कधी हो आणि कधी नाही म्हणायचे, कोणते रेखाटन कोणत्या चित्रासाठी केले होते ते सांगायचे, हेही काम असतेच. ते सांगू शकणारे माणूस घरात एकच असते. अंबिकाबाईंनी आपल्या आठवणीही ‘माझी स्मरणचित्रे’ या पुस्तकात लिहिल्या. त्यामुळे धुरंधरांच्या घराचा इतिहास आज आपल्याला दोन बाजूंनी वाचता येतो, बापाच्या पुस्तकातून आणि लेकीच्या पुस्तकातून.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. चित्रकार जाऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती आणि लेक जाऊनही नऊ वर्षे झाली होती. भारतीय कायद्याप्रमाणे कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या कामाचा हक्क वारसांकडे असतो. धुरंधरांच्या बाबतीत तो २००४ अखेर संपला. अंबिकाबाईंची राखण त्यानंतरही चालू होती.

फाळके यांचे डबे

आता दुसरे घर पाहू. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. धुरंधर त्यानंतर साडेतीन महिन्यांनी गेले. फाळके हेही जे. जे. कलाशाळेत शिकलेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि भारतीय चित्रपटाची सुरुवात झाली. हे काम सगळ्या घराचे होते. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोके पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे केली आणि कामगारांना जेवू घातले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली.

एवढ्या माणसाच्या चित्रपटांचे काय झाले? भारतात १,३०० च्या वर मूकपट झाले असे मानले जाते. त्यांतले तीसही आज शिल्लक नाहीत, आणि जे आहेत त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांचे तुकडेच उरले आहेत. याला कारणे होती. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि पेटली नाही तर डब्यातल्या डब्यात चिकट होऊन तिची भुकटी होई. त्या फिल्ममध्ये चांदी असे, म्हणून जुनी फिल्म मोडीत विकली जाई. बोलपट आल्यावर मूकपट कोणी पाहीनासे झाले, त्यामुळे डबे म्हणजे घरातली अडगळ ठरली.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथे पी. के. नायर या मल्याळी माणसाने जुन्या फिल्म शोधण्यात आयुष्य घातले. फाळके यांच्या चित्रपटांचे काही भाग त्यांना फाळके कुटुंबाकडून मिळाले. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ आज आहे, मधला भाग नाही. जे राहिले ते घरच्यांनी डबा फेकला नाही म्हणून राहिले, आणि कोणीतरी वेळेवर येऊन तो डबा मागितला म्हणूनही राहिले. अंबिकाबाईंना वडिलांच्या कामाची भाषा येत होती. त्या स्वतः ब्रश धरणाऱ्या होत्या. फिल्म मात्र घरात ठेवून जगत नाही. तिला थंड, कोरडी जागा आणि जाणते हात लागतात. घराने सांभाळायचे कुठवर आणि संस्थेच्या हाती द्यायचे केव्हा, हे वस्तू कशाची बनली आहे यावर ठरते.

सासवण्याचे घर

तिसरे घर कोकणातले आहे. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांत कोकणातली घराणी बरीच होती, त्यामुळे हे घर आपल्याला जवळचे वाटेल. अलिबागजवळच्या सासवणे गावात १८९१ मध्ये विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले. ते कुलाब्याच्या कलेक्टरच्या नजरेस पडले आणि त्याने मुलाला जे. जे. कलाशाळेत धाडले. हा कलेक्टर म्हणजे तोच ओटो रॉथफेल्ड, ज्याच्या पुस्तकाला धुरंधरांनी चित्रे काढली. पुढे करमरकर मोठे शिल्पकार झाले. पुण्यात १९२८ मध्ये उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच.

१९६७ मध्ये करमरकर गेले. त्यांची शिल्पे सासवण्याच्या राहत्या घरातच राहिली. घरच्यांनी, विशेषतः सुनेने, ती जपली आणि लोकांना पाहायला खुली ठेवली. तिथे कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, अंगणात खऱ्यासारखी दिसणारी म्हैस बसली आहे. बरीच शिल्पे सिमेंटची आहेत. गावातली माणसे, गावातली जनावरे आणि गावातलेच घर. तीच शिल्पे एखाद्या महानगराच्या दालनात गेली असती तर पाहणाऱ्याला कलावंत कळला असता, पण त्याचे अंगण कळले नसते. वडिलांचे काम जिथे झाले त्या जागेसकट राखता आले तर त्यासारखे दुसरे काही नाही. आपली अडचण अशी की आपण जागा सोडून आलेली माणसे आहोत, आणि आपल्यातले कित्येक दोनदा सोडून आलेले आहेत. आधी कोकण सोडले, मग मॉरिशस किंवा फिजी सोडले. आमचे घर आता टाकानिनीत आहे.

टाकानिनीत

टाकानिनी हे नाव इहाका टाकानिनी या माओरी प्रमुखाचे आहे. १८६३ च्या युद्धात त्यांना कुटुंबासह धरले गेले, राकिनो बेटावर ठेवले गेले, आणि तिथेच त्यांचा अंत झाला. ज्यांची जमीन गेली त्यांचे नाव आज रेल्वे स्थानकावर आहे. इथे शाळेत काम करताना माओरी मुलांकडून आम्ही एक शब्द शिकलो, ताओंगा. पूर्वजांकडून आलेला आणि पुढच्यांना द्यायचा ठेवा असा त्याचा अर्थ. त्यात कोरीव लाकूड येते, तसे गाणे येते, भाषा येते आणि विणण्याची रीतही येते. मोल वस्तूला आहे तसेच ती करण्याच्या ज्ञानालाही आहे, ही समजूत त्या एका शब्दात आहे. आमच्या घरात वडिलांच्या मागे जो प्रश्न उभा राहिला तो सोडवताना आम्हाला हा शब्द उपयोगी पडला.

आमचे वडील उसाच्या मळ्यात कामाला होते. मजुरी करून आले की संध्याकाळी त्यांचे दुसरे काम सुरू होई. ते झाकरीत गात, ढोलकी धरत, आणि श्रावण लागला की मातीचे गणपती घडवत. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला देशाची सुट्टी असते, तेव्हा गिऱ्हाईक कमी नव्हते. पण वडिलांनी मूर्तीचे पैसे कधी ठरवून घेतले नाहीत. पाटावर जे ठेवतील ते. ते गेल्यावर तिकडचे घर रिकामे करायची वेळ आली. आम्ही चार भावंडे तीन देशांत. प्रत्येकाच्या वाट्याला विमानात नेता येईल तेवढे सामान.

धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, बाबा स्वतःच सांगायचे, गणपती ठेवायचा नसतो, सोडायचा असतो. मग आपण बाबांचे ठेवणार काय?”

प्रश्न रास्त होता. धुरंधरांचे चित्र कागदावर आहे, फाळके यांचे काम फिल्मवर, करमरकरांचे सिमेंटात. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षांत घडवलेली एकूण एक मूर्ती पाण्यात गेली, आणि ती तशी जावी हीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या हातची माती आणावी म्हटले तर न्यूझीलंडमध्ये बाहेरच्या मातीला प्रवेश नाही. लाकडी, बांबूची वस्तू आणली तर विमानतळावर जाहीर करावी लागते, कीड नाही हे पाहून मग सोडतात. हा नियम इथल्या रानाच्या आणि शेतीच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे.

शेवटी आम्ही काय आणले ते सांगतो. बांबूच्या सात कोरण्या, ज्यांच्या मुठी त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या आहेत. झाकरीच्या गाण्यांची एक वही. दोन कॅसेटी. गणपतीबरोबर काढलेली घरची एकवीस छायाचित्रे. बाकीचे शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले, आणि मूर्तीचे पाट गावातल्या देवळाला दिले. इथे आल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, आणि तेव्हा लक्षात आले की सर्वांत मोठा ठेवा सामानात नव्हताच, तो आईजवळ होता. मातीत काय मिसळायचे, ती किती दिवस भिजवायची, सोंड कधी जोडायची म्हणजे तडा जात नाही, हे वडिलांनी कुठेही लिहिलेले नव्हते. चाळीस वर्षे माती मळून देणाऱ्या आईला ते पाठ होते. गोणपाटाचे तंतू बारीक कातरून मातीत घालायचे, हे तिने सांगितले. किती, असे विचारले तर ती म्हणाली, “मुठीने मोजायचे, माझ्या मुठीने.” मग तिची मूठ भरून ते तंतू आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले आणि आकडा लिहून ठेवला.

वहीचे काम वेगळे होते. वडील चार इयत्ता शिकलेले. त्यांच्या वहीत मराठी आहे, कोकणातल्या बोलीतले शब्द आहेत, मध्येच क्रिओल आहे, आणि ऱ्हस्वदीर्घ त्यांच्या कानाप्रमाणे आहेत. शिक्षकाच्या हाताला दुरुस्ती करायची सवय असते. वही उतरवताना आम्ही लाल पेन कपाटात ठेवले. जसे लिहिले तसेच उतरवले, आणि अर्थ शेजारी वेगळ्या रकान्यात लिहिला. कारण ती चूक वाटणारी अक्षरेच सांगतात की सहा पिढ्यांपूर्वी बोटीतून आलेला शब्द आमच्या गावात कसा उच्चारला जात होता. ती सुधारली असती तर वही शाळेची झाली असती, वडिलांची राहिली नसती.

आता दर वर्षी चतुर्थीच्या आधी नातवंडे टाकानिनीच्या घरी जमतात. माती इथल्या दुकानातली, कोरण्या आजोबांच्या. मूर्ती ओबडधोबड होते. अंगणात बादलीत तिचे विसर्जन होते आणि ते पाणी लिंबाच्या झाडाला जाते. भावाच्या प्रश्नाचे आम्हाला सापडलेले उत्तर हे असे आहे. मूर्ती सोडायची, हात सोडायचा नाही.

आपल्या घरी काय करावे

वाचकहो, आपल्यातील अनेकांच्या घरी असे काही ना काही आहे. वडील भजन गात असतील, रामायण मंडळीसाठी पडदे रंगवत असतील, दुकानांच्या पाट्या लिहीत असतील, नाटकात काम करत असतील. अंबिकाबाईंच्या, फाळक्यांच्या आणि करमरकरांच्या घरांकडे पाहून, आणि थोडे आमच्या अनुभवाने, काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

आधी माणसाला विचारावे, मग वस्तूकडे वळावे. आई, आत्या, काका, ढोलकीवर साथ करणारे जुने शेजारी, यांपैकी जे आज आहेत त्यांच्याशी बोलून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. वही आणखी दहा वर्षे थांबू शकते. ऐंशीच्या घरातले माणूस थांबेलच असे नाही.

दुसरे, कॅसेटी आणि व्हिडिओ टेप आधी उतरवून घ्याव्यात. फिल्मप्रमाणे टेपही आतून मरते. तिच्यावरचा लेप सुटतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता दुर्मीळ होत चालली आहेत. उतरवल्यावर प्रत एका भावंडाकडे न ठेवता निदान तिघांकडे, वेगवेगळ्या गावी ठेवावी.

तिसरे, जागा. ऑकलंडकडची घरे हिवाळ्यात दमट असतात हे आपण खिडक्यांवरच्या पाण्यावरून जाणतोच. गॅरेजमधली पेटी म्हणजे बुरशीला आमंत्रण. कागद आणि छायाचित्रे घराच्या आतल्या, कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, त्यात ओल कोंडते. लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते पुन्हा निघत नाही आणि कागद त्यातच पिवळा पडतो. चिकटपट्टीही लावू नये. आम्लविरहित कागदाचे लिफाफे इथे सहज मिळतात. आणि वर्षातून एकदा, कोरड्या दिवशी, सगळे उघडून पाहावे. मुंबईच्या पासष्ट पावसाळ्यांत धुरंधरांचे कागद टिकतात, तर टाकानिनीच्या हिवाळ्यात आपलेही टिकतील.

चौथे, कधी तरी घराबाहेरही द्यावे लागते. सगळी मुले मराठी वाचणारी असतीलच असे नाही. पापाकुरा संग्रहालय आपल्या शेजारी आहे, सार्वजनिक ग्रंथालयांत वारसा विभाग आहेत. मूळ वस्तू द्यावी की प्रत, हे घरच्यांनी मिळून ठरवावे आणि काय दिले, कोणत्या अटीवर दिले, ते लिहून घ्यावे. विकायचे झाले तरी आधी प्रत्येक वस्तूचे चित्र काढून ठेवावे. फाळक्यांच्या डब्यांपर्यंत पोहोचायला नायर होते. आपल्या दाराशी असा माणूस येईलच असे नाही, तेव्हा आपणच उठून जावे.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि बहुतेक घरांत तीच राहून जाते. नाव. आमच्या एकवीस छायाचित्रांपैकी नऊंवर काहीच लिहिलेले नव्हते. आई होती म्हणून सात ओळखता आली. दोन आजही मुकी आहेत. सरकारी कारकुनाने आपल्या पणजोबांचे नाव चुकीच्या अक्षरांत का होईना, पण लिहून ठेवले, म्हणून शंभर वर्षांनी ते आपल्याला सापडले. घरच्या वस्तूवर ते लिहिणारे आपल्याशिवाय कोणी नाही. चित्राच्या, वहीच्या, छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे: कोणी केले, कधी केले, कुठे केले, कोणासाठी केले, आणि हे आपल्याला कोणी सांगितले. मराठीत लिहावे, आणि पुढच्यांना वाचता यावे म्हणून खाली इंग्रजीतही लिहावे. लिहिणाऱ्याने आपले नाव आणि तारीखही घालावी.